चषक कुणाचा आणि मैदान कुणाचे?

डिसेंबर २०२५ मधील एका आठवड्याने भारतीय फुटबॉलची खरी प्रकृती जेवढी उघड केली, तेवढी गेल्या पंधरा वर्षांतील गौरवपर वृत्तान्तांनी मिळूनही केली नव्हती. ७ डिसेंबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर ‘सुपर कप’ या राष्ट्रीय चषकस्पर्धेचा अंतिम सामना झाला. एफसी गोवा व ईस्ट बंगाल या दोन्ही संघांना पूर्ण वेळेत एकही गोल करता आला नाही. अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर गोव्याने ६-५ अशी सरशी केली आणि चषक सलग दुसऱ्यांदा आपल्याकडे राखला. त्याच्या दुसऱ्याच दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि रिलायन्स समूहाची कंपनी यांच्यामधील पंधरा वर्षांचा व्यापारी करार संपुष्टात आला. १३ डिसेंबरला लिओनेल मेस्सी कोलकात्यात अवतरला; पुढाऱ्यांच्या व बड्या मंडळींच्या गराड्यात तो दिसेनासा झाला, तेव्हा हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांनी संतापाने खुर्च्या उखडल्या. १४ डिसेंबरला मुंबईत वानखेडे स्टेडियमवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर, फुटबॉलच्या या देवाचे दर्शन घडविण्यात आले. राज्याचे मुख्यमंत्री त्या सोहळ्यास जातीने उपस्थित होते.

आठ दिवसांतील या चार घटना एकमेकींपासून अलग नाहीत. चषक जिंकला गेला, पण त्यानंतर खेळायचे कोठे व कोणाच्या पैशावर, हे जिंकणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. आणि त्याच वेळी एका परदेशी खेळाडूच्या काही मिनिटांच्या दर्शनासाठी मात्र पैशाला तोटा नव्हता. भांडवली वृत्तपत्रांनी या विसंगतीचे निदान ‘गैरकारभार’ या एका शब्दात आटोपले. महासंघाचे पदाधिकारी नालायक आहेत, ते बदलले की सर्व सुरळीत होईल, असा या निदानाचा मथितार्थ. पदाधिकारी नालायक असतीलही. परंतु जो रोग व्यवस्थेचा आहे, त्याचे खापर चार माणसांच्या माथी फोडून व्यवस्था निर्दोष सोडणे ही या वृत्तपत्रांची जुनी रीत आहे.

वऱ्हाडातील कार्यकर्त्याला प्रथमदर्शनी असे वाटणे स्वाभाविक आहे, की फातोर्डा आणि वानखेडे येथे काय घडते याच्याशी अमरावतीच्या वा अकोल्याच्या कष्टकऱ्याचे काय देणेघेणे? कापसाचा भाव, पीकविमा, पाणी आणि रोजगार या प्रश्नांपुढे चेंडूची चर्चा हवी कशाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. तत्पूर्वी तो करार काय होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

पंधरा वर्षांचा मक्ता

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क ‘आयएमजी-रिलायन्स’ला पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले. वर्षाकाठी सरासरी सत्तेचाळीस कोटींच्या आत-बाहेरची ही रक्कम. त्या मोबदल्यात देशातील एका खेळाचे प्रक्षेपण, जाहिरात, स्पर्धेची रचना आणि पर्यायाने त्या खेळाचे भवितव्य एका समूहाच्या हाती गेले. २०१४ मध्ये या समूहाने ‘इंडियन सुपर लीग’ उभी केली. जगभर फुटबॉलच्या लीगचा साधा नियम आहे: खालच्या श्रेणीत जिंकणारा वर चढतो, वरच्या श्रेणीत हरणारा खाली उतरतो. या लीगने आरंभीची नऊ वर्षे हा नियमच गुंडाळून ठेवला. प्रवेश मैदानावर मिळत नसे, तो पैशाने मिळे. २०२३ मध्ये पंजाबचा संघ खालची लीग जिंकून वर आला, तेव्हा कोठे खेळाच्या जोरावर या दारातून पहिले पाऊल आत पडले.

पुढे काय झाले? करार संपत आला, नव्या अटींवर एकमत होईना, महासंघाच्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता. तेव्हा जुलै २०२५ मध्ये कंपनीने पुढील हंगाम थांबवून ठेवल्याचे जाहीर केले. काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन रोखले. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संघ गोव्याच्या भूमीवर सिंगापूरकडून २-१ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई स्पर्धेतून बाहेर फेकला गेला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशाकडूनही हरला. महासंघाने व्यापारी हक्कांसाठी मागविलेल्या निविदांची मुदत त्याच नोव्हेंबरात संपली. एकही बोली आली नाही! ज्या खेळाला ‘झोपलेला राक्षस’ म्हणून वर्षानुवर्षे गौरविले, त्याला विकत घ्यायला बाजारात कोणी उभे राहिले नाही. लीग नाही म्हणून क्लबांना खेळायला काहीतरी असावे, या गरजेपोटी २५ ऑक्टोबरपासून सुपर कप उरकण्यात आला. देशाचा राष्ट्रीय चषक हा रिकाम्या वेळात भरावयाचा मजकूर ठरला.

महाराष्ट्राचा म्हणवला जाणारा मुंबई सिटी हा संघ या स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला व गोव्याकडून २-१ असा हरला. त्याच महिन्याच्या अखेरीस, २०१९ पासून त्या संघात मोठा हिस्सा धरून असलेल्या ‘सिटी फुटबॉल ग्रुप’ने व्यवसायातील अनिश्चिततेचे कारण देऊन अंग काढून घेतले. अबुधाबीच्या तेलाच्या पैशावर मँचेस्टरमध्ये फोफावलेल्या या भांडवलाला सहा वर्षांत मुंबईच्या एखाद्या चाळीतील पोराचे नावही ठाऊक झाले नसेल. भांडवल नफ्यासाठी आले आणि नफा दिसेना तेव्हा गेले. त्यात विश्वासघात नाही. तो त्याचा धर्मच आहे. विश्वासघात त्यांनी केला, ज्यांनी सार्वजनिक मालकीचा खेळ अशा भांडवलाच्या स्वाधीन केला आणि त्याला ‘विकास’ म्हटले.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर कोणाला पुढे यावे लागले? केंद्रीय क्रीडामंत्र्यांना! १४ फेब्रुवारीपासून आखूड स्वरूपात लीग भरविण्याची घोषणा सरकारच्या वतीने झाली. नफ्याच्या काळात बाजार आणि तोट्याच्या काळात सरकार, हे सूत्र कापसाच्या व्यापारात वऱ्हाडाने फार पूर्वी ओळखले आहे.

वऱ्हाडाला या प्रकाराचा एक दाखला घरचाच आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद मार्गावरची ‘शकुंतला’ ही गाडी विलायती किलिक-निक्सन कंपनीच्या छायेखालील खासगी मालकीची होती. कापूस वाहून नेण्यासाठी तो मार्ग बांधला गेला. देश स्वतंत्र झाला, रेल्वे राष्ट्राची झाली, पण या तुकड्याचा करार तसाच राहिला. मालकी कंपनीची, गाडी चालविण्याचा भार सरकारचा आणि हाल प्रवाशांचे! शेवटी गाडी थांबली आणि रूळ गवतात गेले. फुटबॉलच्या रुळांची गत याहून वेगळी होण्याचे कारण नव्हते.

चषकांचा इतिहास काय सांगतो?

बाद पद्धतीच्या चषकस्पर्धा या देशात इंग्रज लष्कराने आणल्या. १८८८ मध्ये सिमल्यात ड्युरँड आणि १८९१ मध्ये मुंबईत रोव्हर्स. आरंभी हा गोऱ्या पलटणींचा आपसातला खेळ होता. १९११ साली मोहन बागानने कोलकात्याची आयएफए शिल्ड जिंकली आणि साम्राज्याच्या प्रतिष्ठेला पहिला तडा गेला. रोव्हर्सच्या अंतिम सामन्यात हाच संघ १९२३ मध्ये पोहोचला; चषक मात्र प्रथम भारतीय हाती पडला तो १९३७ मध्ये, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद पोलिसांच्या संघाने तो आपल्याकडे ठेवला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान आणि १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये सुवर्णपदक भारताने मिळविले, ते याच शाळामास्तराच्या मार्गदर्शनाखाली. त्या काळी ना ‘फ्रँचाइझी’ होती, ना प्रक्षेपणाचे हक्क.

१९७७ मध्ये महासंघाने क्लबांसाठी फेडरेशन कप सुरू केला. तो पहिला चषक कोणी जिंकला, हे आजच्या बाजारपूजकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे. मोहन बागानसारख्या बलाढ्य संघास हरवून तो नेला बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजने! सार्वजनिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या संघाने! रेल्वे, बंदरे, बँका, तेल महामंडळ, एअर इंडिया यांच्या संघांनी त्या काळात शेकडो खेळाडूंना नोकरी दिली. सामना हरला तरी त्या खेळाडूच्या घरची चूल विझत नसे, आणि गुडघा मोडला तरी टेबल-खुर्ची शिल्लक असे.

खासगी कंपन्यांचे संघही होते. मफतलाल, टाटा, ऑर्के, महिंद्र ही नावे मुंबईच्या कूपरेज मैदानावर गाजली. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. गिरणीमालक कामगाराला बोनस देताना हात आखडता घेई आणि संघाच्या छातीवर आपले नाव मिरवी. खेळाडू हा त्याच्या दृष्टीने चालताबोलता जाहिरातफलक होता. तथापि त्या फलकाला निदान हजेरीपटावर जागा होती. पुढे तेवढेही उरले नाही. महिंद्र युनायटेडने २००३ व २००५ असा दोनदा फेडरेशन कप जिंकला. २०१० मध्ये मालकांनी संघच बरखास्त केला. देशाची पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबातील जेसीटी गिरणीचा संघ २०११ मध्ये मोडला. पुण्याचा भारत एफसी २०१५ साली एका हंगामापुरता जगला. डीएसके शिवाजियन्स गेला, पुणे एफसी गेला, एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये गेला. रोव्हर्स चषक तर या शतकाच्या आरंभीच बंद पडला, आणि १९७७ पासून चाललेला फेडरेशन कप २०१७ नंतर गुंडाळून त्या जागी सुपर कप आणण्यात आला. खासगी पुढाकाराने महाराष्ट्राचा फुटबॉल तगेल असे जे सांगत होते, त्यांनी या नामावळीचा हिशेब एकदा द्यावा.

शिटी वाजण्यापूर्वीच बाद

आता वऱ्हाडाकडे वळावे. अमरावती-अकोल्याच्या मुलाला राष्ट्रीय चषकाचे जे एकमेव दार उघडे आहे, ते सुब्रतो चषकाचे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० पासून ही शालेय स्पर्धा चालते. जिल्हा किंवा महापालिका क्षेत्र, त्यावर अमरावती विभाग, त्यावर राज्य आणि शेवटी दिल्ली, अशी तिची पायऱ्यांची रचना आहे. कागदावर ही रचना लोकशाहीची वाटते. मेळघाटातील आश्रमशाळेच्या मुलीलाही दिल्लीचे दार खुले!

प्रत्यक्षात काय होते? स्पर्धेचे खालचे टप्पे ऐन पावसाळ्यात येतात. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. वऱ्हाडची काळी माती त्या दिवसांत बुटाला नव्हे, गुडघ्याला धरते. सरावासाठी महिनासुद्धा मिळालेला नसतो. शेतमजुराच्या घरातील मुलगा त्याच दिवसांत निंदणीला हाताशी हवा असतो. बुटांची जोडी दोघांत वाटलेली. अशा स्थितीत संघ तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने जिल्ह्याला येतो, एक सामना खेळतो, हरतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्या मुलाचा वर्षाचा फुटबॉल तेथे संपला.

येथे थोडे अंकगणित मांडले पाहिजे. सोळा संघांची बाद स्पर्धा पंधरा सामन्यांत आटोपते. पहिल्याच फेरीत आठ संघ, म्हणजे निम्मी मुले, एकेक सामना खेळून घरी जातात. आणखी चार संघ दोन सामने खेळून जातात. याच सोळा संघांनी एकमेकांशी एकेकदा खेळावयाचे ठरविले, तर एकशेवीस सामने होतात आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला पंधरा सामने येतात. जे मूल वर्षाला एक सामना खेळते आणि जे पंधरा खेळते, त्या दोघांत दोन वर्षांनी ‘गुणवत्ते’चा फरक दिसला तर तो निसर्गाने केलेला नसतो. तो वेळापत्रकाने केलेला असतो.

मग बाद पद्धतीच का? कारण ती स्वस्त आहे. पंधरा सामन्यांना तीन दिवस, एक मैदान आणि मोजके पंच पुरतात. अहवाल वर पाठविता येतो. प्रमाणपत्रे वाटता येतात. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांचा हिशेब मिटतो. एकशेवीस सामन्यांना मैदाने लागतात, क्रीडाशिक्षक लागतात, एस.टी.चे भाडे लागते, दुपारचे जेवण लागते. थोडक्यात, सरकारला खर्च करावा लागतो. बाद पद्धत ही चुरशीच्या नावाखाली झाकलेली काटकसर आहे, आणि ती काटकसर कायम गरिबांच्या मुलांवरच होते. श्रीमंताचे मूल हरले तरी त्याच्यासाठी महिन्याला शुल्क घेणारी अकादमी आहे. शाळेच्या संघावर अवलंबून असलेले मूल मात्र कायमचे बाद.

राज्य सरकारने मेस्सीच्या दौऱ्याशी जोडून ‘महादेवा’ ही योजना गाजविली. महाराष्ट्रातून तेरा वर्षांखालील तीस मुलगे आणि तीस मुली निवडून त्यांना निवासी शिष्यवृत्ती द्यावयाची, असे तिचे स्वरूप. निवडलेल्या मुलांचे कौतुकच आहे. त्यांचा यात काही दोष नाही. पण राज्यात छत्तीस जिल्हे आहेत. जिल्ह्यामागे दोन मुलेही न येणारी ही योजना उरलेल्या लाखोंसाठी काय करते? कापूस न पेरता बोंडे वेचायला निघालेल्या माणसाला वऱ्हाडातील शेतकरी वेडा म्हणेल. शासन त्याला ‘प्रतिभाशोध’ म्हणते.

मैदान कोणी गिळले?

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे परिशिष्टात नमूद केले. त्याच कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरावर विद्यार्थी असलेल्या शाळेला आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी निदेशक देऊ केला, पण अर्धवेळ! मुलाचे डोके पूर्णवेळ आणि शरीर अर्धवेळ, अशी ही वाटणी. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘दत्तक शाळा’ योजना काढून सरकारी शाळा कंपन्यांना व देणगीदारांना दत्तक देण्याचा मार्ग मोकळा केला. फुटबॉलचा जो अनुभव वर सांगितला, तो शाळेच्या वाट्याला येणार नाही याची हमी कोण देणार? दत्तक घेणाऱ्याचे मन भरले की मूल कोणाच्या दारात ठेवावयाचे?

शहरांतील मैदानांची कथा निराळी नाही. अमरावतीचे सायन्सकोर मैदान, नेहरू मैदान, दसरा मैदान ही नावे उच्चारली की नागरिकाला प्रथम सभा, प्रदर्शने आणि मेळे आठवतात. खेळ आठवत नाही. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या प्रचारात सायन्सकोर मैदान कोणाच्या सभेला मिळावे, केंद्रीय गृहमंत्र्यांच्या की बच्चू कडू यांच्या, यावरून रणकंदन माजले. परवानगीचे कागद फडकले, पोलीस उभे राहिले, वृत्तपत्रांचे रकाने भरले. त्या सगळ्या गदारोळात एकाही पक्षाच्या एकाही वक्त्याने असे विचारले नाही, की या मैदानावर रोज खेळणाऱ्या मुलांनी ते दिवस कोठे जावे? मांडवाच्या खांबांनी पडलेले खड्डे कोण बुजविणार? अकोल्यातही लालबहादूर शास्त्री स्टेडियम आणि वसंत देसाई क्रीडांगण यांची नावे राष्ट्रपुरुषांची व थोरांची आहेत. पण एका महापालिकेच्या शहरातील सगळ्या वस्त्यांची मुले अशा दोन-तीन जागांवर मावतील काय?

जिल्हा नियोजनातून ‘क्रीडांगण विकास’ आणि ‘व्यायामशाळा विकास’ या शीर्षांखाली पैसा येतो, हे खरे. त्याचे रूपांतर बहुधा चौकातल्या रंगीत लोखंडी सांगाड्यांत आणि त्यांवरील आमदार-नगरसेवकांच्या नामफलकांत होते. सांगाड्याचे उद्घाटन करता येते. सपाट, मोकळ्या, रोलर फिरविलेल्या जमिनीचे उद्घाटन करता येत नाही. हेच मैदानाचे दुर्दैव.

आणि हे ज्या भूमीत घडते, ती भूमी कोणती? १९१४ मध्ये अमरावतीत वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. परसत्तेच्या काळात, लोकांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या त्यागावर ही संस्था वाढली. १९३६ साली तिच्या पथकाने बर्लिनला जाऊन कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. कोणत्याही प्रायोजकाविना वऱ्हाडाने जे उभे केले, ते प्रायोजकांच्या युगात वऱ्हाडाला जमत नाही असे मानणे हा या प्रदेशाचा अपमान आहे. फरक पैशाचा नाही. शरीरशिक्षण हे लोकांचे कार्य आहे ही भावना तेव्हा होती. तो बाजारातील माल आहे ही भावना आज रुजविली गेली आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की शेतकरी गळफास घेत असताना खेळाची मागणी करणे हा चैनीचा प्रकार आहे. अचलपूरच्या फिनले गिरणीचे चाक २०२० च्या टाळेबंदीत थांबले आणि शेकडो कामगारांची घरे उघड्यावर आली. तेथे फुटबॉल कसला? परंतु या आक्षेपात एक मोठी चूक दडलेली आहे. ज्या धोरणाने सार्वजनिक गिरणी थांबली, त्याच धोरणाने सार्वजनिक क्षेत्राचे संघ आणि खेळाडूंच्या राखीव जागा आटल्या. ज्या धोरणाने शेतकऱ्याला बाजाराच्या दयेवर सोडले, त्यानेच खेळाडूला निविदेच्या दयेवर सोडले. हे दोन लढे नाहीत. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःसाठी, ही मागणी करीत जगभरच्या कामगारांनी रक्त सांडले. त्या शेवटच्या आठ तासांचा हक्क मागणे चैन असेल, तर मे दिनाचा सारा इतिहासच चैनीचा ठरेल.

दुसरा आक्षेप प्रतिपक्षाचा: भांडवलाशिवाय आधुनिक खेळ चालत नाही. ठीक, मग भांडवलाच्या पंधरा वर्षांचे फळ दाखवा. राष्ट्रीय संघ जागतिक क्रमवारीत १४० च्याही खाली गेला, आशियाई स्पर्धेतून बाहेर पडला, लीग थांबली, पगार थांबले, निविदेला बोली नाही. सरकारी खात्याने अशी कामगिरी केली असती, तर याच मंडळींनी त्याच्या खासगीकरणाची मागणी केली असती. खासगीकरणच अपेशी ठरले, तेव्हा मात्र ‘अधिक खासगीकरण’ हा उपाय!

मोकळी सोडलेली जागा

आता थोडे कटू बोलणे भाग आहे, आणि ते डाव्या व समाजवादी चळवळीला उद्देशून आहे. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दलाची फेरउभारणी झाली, तेव्हा संध्याकाळच्या मैदानाचे मोल तिच्या धुरीणांना पुरते कळले होते. खेळ, कवायत, गाणे आणि मग विचार, हा शाखेचा क्रम होता. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एका रांगेत उभी राहत, एका चेंडूमागे धावत. समतेचे व्याख्यान त्यांना नंतर दिले जाई. पुढे चळवळीने सभागृहे धरली, न्यायालये धरली, पत्रके काढली आणि मैदान सोडले. मोकळी जागा मोकळी राहत नसते. ती कोणी व्यापली, तेथे संध्याकाळी मुलांना काय शिकविले जाते, हे वऱ्हाडातील कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीने आणि मे २०२३ मध्ये अकोल्याने संचारबंदी पाहिली. दोन्ही वेळी दगड उचलणारे हात बहुतांशी तरुण होते. या तरुणांना एकत्र आणणारी एखादी रोजची जागा शहरात उरली आहे काय? कारखाना उरला नाही, शाळा वस्तीवस्तीने वेगळ्या झाल्या, बाजारही वेगळे झाले. फुटबॉलच्या संघाला मात्र अकरा खेळाडू लागतात आणि पास देताना आडनाव विचारले जात नाही. एका संघात तीन वर्षे खेळलेली मुले दंगलीच्या रात्री एकमेकांच्या घरावर चालून जातील, हे अशक्य नसले तरी अवघड आहे. शांतता समित्यांच्या बैठकांत चहा पिऊन जे साधत नाही, ते एक जिल्हा लीग साधू शकते. निदान साधण्याचा संभव तरी निर्माण करते.

म्हणून या प्रश्नावर मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अमरावती व अकोला या दोन्ही महापालिकांनी आपल्या हद्दीतील प्रत्येक मैदानाची, त्याच्या क्षेत्रफळाची, विकास आराखड्यातील आरक्षणाची आणि त्यावर गेल्या दहा वर्षांत दिलेल्या प्रत्येक बिगरखेळ परवानगीची यादी प्रसिद्ध करावी. सभा-प्रदर्शनांना वर्षातील ठराविक दिवसांहून अधिक एकही दिवस देऊ नये, मग मागणारा पक्ष कोणताही असो, समाजवादी पक्षसुद्धा! शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांच्या जागा पूर्णवेळ भराव्यात. दिवाळीनंतर, माती वाळल्यावर, उन्हाळ्यापूर्वीपर्यंत शाळांची जिल्हा साखळी स्पर्धा भरवावी; मुलींसाठी वेगळी आणि तेवढ्याच सामन्यांची. एस.टी. प्रवास आणि जेवण यांचा खर्च जिल्हा नियोजनातून व्हावा. फुटबॉलचे राष्ट्रीय व्यापारी हक्क यापुढे कोणालाही दिले, तर त्या उत्पन्नाचा निश्चित हिस्सा कायद्याने जिल्ह्यांकडे यावा.

यांतील एकही मागणी क्रांतीची नाही. अस्तित्वात असलेल्या कायद्याच्या आणि अंदाजपत्रकाच्या चौकटीत त्या बसतात, आणि म्हणूनच त्या नाकारताना राज्यकर्त्यांची अडचण होईल. जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही महापालिकांच्या निवडणुका होऊन नवे नगरसेवक सभागृहांत गेले आहेत. प्रत्येक प्रभागातील कार्यकर्त्याने आपल्या नगरसेवकाला पहिला प्रश्न मैदानाच्या यादीचा विचारावा. यादी मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात मागावी. मिळाली तर ती घेऊन त्या त्या जागेवर जावे, अतिक्रमण मोजावे आणि वस्तीतील पोरांना, त्यांच्या आईबापांना बरोबर घेऊन महापालिकेच्या दारात बसावे.

फातोर्ड्याचा चषक गोव्याच्या कपाटात गेला. पुढल्या वर्षी तो आणखी कोठे जाईल. वऱ्हाडाची मुले त्या चषकासाठी पात्र आहेत की नाहीत, हा वाद तूर्त गैरलागू आहे. त्यांना हरण्याचीही पुरेशी संधी मिळालेली नाही. ती संधी मिळवून देणे हे बाजाराचे काम नव्हे. ते संघटित जनतेचे काम आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच गल्लीच्या टोकाला असलेल्या मोकळ्या जमिनीपासून होते.